मास्तरांची कंबर

मास्तर दारू सोडण्याच्या दवाखान्यात दाखल झाले त्याच दिवशी दुपारी अक्कांनी त्यांची कंबर मोडली. हे काम त्यांनी फोनवरून, अत्यंत शांतपणे केलं. पलीकडे मास्तरांचे मालक होते. मणका सरकलाय, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आहे, भेटायलासुद्धा कुणी यायचं नाही, असं अक्कांनी त्यांना कळवलं. मालक मनापासून हळहळले. मणका सरकलेल्या माणसाला या जगात एक प्रतिष्ठा असते. त्याने आयुष्यभर ओझी वाहिली असणार असं लोक गृहीत धरतात.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, सगळ्यात वर आखलेला कागद ठेवायचा आणि विजेच्या कटरने गठ्ठाच्या गठ्ठा एका दमात कापायचा, हे त्यांचं काम. शिंप्याची चूक एका सदऱ्यापुरती असते. कटिंग मास्तर चुकला की टेबलावर जितके थर तितक्या चुका होतात. त्यामुळे मास्तरांना मान होता, आणि मास्तर पितात हे साऱ्या कारखान्याला ठाऊक असूनही कुणी त्याबद्दल बोलत नसे. उलट त्यांच्या पिण्याभोवती लोकांनी एक सुरेख व्यवस्था बसवली होती. भारी कापड सकाळी लवकर लावायचं नाही, कारण तेव्हा मास्तरांचे हात थरथरत. जेवणानंतरही लावायचं नाही, कारण तोपर्यंत हात स्थिर झालेले असले तरी हात सोडून उरलेले मास्तर हलायला लागलेले असत. मधल्या काळात मात्र त्यांच्यासारखा कारागीर शोधून सापडला नसता. साऱ्या कारखान्याचं घड्याळ त्या मधल्या काळावर लावलेलं होतं, आणि याला सगळे नियोजन म्हणत.

ही व्यवस्था मोडायला एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर यावी लागली. वेटरांचे कोट होते. कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने मंद, म्हणजे उलटं वापरलं तर लगेच दिसणारं. अशा कापडासाठी बाही आखताना एक डावी आखायची, पॅटर्न उलटा करायचा आणि मग उजवी आखायची, हे या धंद्यातलं पहिल्या दिवशीचं ज्ञान. त्या दिवशी मास्तरांनी पॅटर्न उलटा करण्याऐवजी स्वतःच टेबलाला एक वळसा घातला, आणि काहीतरी फिरलं एवढ्या समाधानावर पुन्हा डावीच बाही आखली. मग कटर फिरला. संध्याकाळपर्यंत हॉटेलातल्या तमाम वेटरांना पुरतील इतक्या बाह्या तयार झाल्या. सगळ्या डाव्या.

तयार माल तपासणाऱ्या बाईंना सगळे चेकरबाई म्हणत. त्यांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली, गठ्ठ्याच्या तळातून आणखी एक ओढून पाहिली आणि खुर्चीवर बसल्या. एरवी त्या मास्तरांच्या चुका पोटात घालत. खांदा आखूड पडला तर पॅड जाड टाकायचं, खिसा तिरका पडला तर त्याला फॅशन म्हणायचं. पण दोन्ही डावे हात असलेले वेटर कुठून आणायचे, हे त्यांनाही सुचेना. शेवटी गिरणीतून कापडच डागाळलेलं आलं होतं असं मालकांना सांगण्यात आलं. मालकांनी गिरणीवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. गिरणीवाल्याने, बिचाऱ्याने, माफी मागून नवं कापड पाठवलं. अशा रीतीने ज्यांनी पाहिलं ते आणि ज्याने काहीच केलं नव्हतं तो, असे सगळेजण मास्तरांच्या दारूचा आपापला वाटा उचलून मोकळे झाले.

मोकळे झाले नाहीत ते एकटे मास्तर. बाह्या कापल्या त्याच संध्याकाळी ते घरी आले, बायकोसमोर बसले आणि म्हणाले, “मला हे थांबवता येत नाही गं.”

बायकोने इतकी वर्षं ‘उद्यापासून बंद’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ते ऐकता ऐकता ती भाजी निवडू शकत असे. हे वाक्य नवीन होतं. ती घाबरली, आणि त्या घरात घाबरल्यावर जे करायची पद्धत होती ते तिने केलं. तिने अक्कांना बोलावलं.

अक्का ही मास्तरांची थोरली बहीण. जवळच राहणारी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि निवृत्ती फक्त शाळेपुरती मानणारी. आईवडील लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच वाढवलं होतं. इच्छाशक्ती जन्मताना सगळ्यांना सारखीच मिळते, काहीजण ती सांभाळून ठेवत नाहीत एवढंच, असं त्यांचं मत होतं. त्यांनी घराची झडती घेतली. फ्लशच्या टाकीतून, शिलाई मशीनच्या झाकणाखालून आणि एका पावसाळी बुटातून बाटल्या काढल्या, मोरीत ओतल्या आणि भावाला समोर बसवून सांगितलं की आजपासून बंद. मास्तरांनी खरोखर बंद केली. थोरल्या बहिणीचं त्यांनी आजवर कधीच इतकं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम सुटला. हात तर असे कापत की कप बशीत ठेवताना तारायंत्रासारखा आवाज येई. अक्का म्हणाल्या, विष बाहेर पडतंय. त्यानंतर मास्तर भिंतीवरून दोरे वेचायला लागले. भिंत कोरी होती. ते एकेक अदृश्य दोरा चिमटीत धरून अलगद ओढत आणि बोटाला गुंडाळत. बायको रडायला लागली. अक्कांनी तिची समजूत काढली की निदान कामात लक्ष लागायला लागलंय. पुढच्या सकाळी नाश्ता करताना मास्तर ताठ झाले, खुर्चीसकट आडवे झाले आणि फरशीवर झटके देऊ लागले. तेव्हा मात्र अक्का फरशीवर बसल्या आणि त्यांनी भावाचं डोकं मांडीवर धरलं.

दवाखान्यातले डॉक्टर अक्कांच्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांहूनही लहान दिसत होते. पण बोलले स्पष्ट. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती सवय औषधं देऊन, देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. यकृत सुजलेलं आहे, पण वेळ गेलेली नाही. पुन्हा सुरू झाली तर मात्र जाईल. आणि शरीरातून दारू जाणं हा सोपा भाग आहे, खरं काम त्यानंतरचं. “हा आजार आहे, आई,” ते म्हणाले. “मधुमेहासारखा. जपावा लागतो.”

अक्का ऐकत होत्या. नव्या शिक्षकाचा पहिला तास मागच्या बाकावर बसून ऐकावा तशा. त्यातला एकच शब्द त्यांना उपयोगी वाटला. बाहेर आल्यावर त्या भावजयीला म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाले आजार आहे. मग आपण आजारच सांगायचा. अवयव तेवढा आपण निवडायचा.”

निवड सोपी नव्हती. यकृत म्हटलं की लोक लगेच ओळखतात. पोट म्हटलं तर अर्धे ओळखतात. डोकं सांगावं तर वेडाची शंका. हृदय सांगावं तर मालक दुसरा मास्तर शोधायला लागणार. मूळव्याध सभ्य घरात सांगत नाहीत. राहता राहिली कंबर. कंबर दिसत नाही, तपासता येत नाही, संसर्गजन्य नाही, आणि तिच्याबद्दल प्रत्येकाला स्वतःचंच इतकं सांगायचं असतं की समोरच्याची चौकशी पहिल्या वाक्यातच संपते. अक्कांनी फोन उचलला तो एवढा विचार करून.

इकडे मास्तर शुद्धीवर आले, चालायला लागले आणि त्यांची रवानगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या उपचार केंद्रात झाली. तिथे सकाळी व्यायाम, मग गोळ्या, मग प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं कडं करून गप्पा. कड्यात एक दंतवैद्य होता, एक ट्रकचालक होता, आणि बाटलीला कधी हात न लावता फक्त कपातून पिणारे एक सद्गृहस्थ होते. मास्तरांना वाटलं होतं की तिथे उपदेश करतील. तिथे लोक हसत होते. दंतवैद्याने सांगितलं की तो तोंडाला मास्क लावतो तो रोग्याला जंतू जाऊ नयेत म्हणून, अशी सगळ्यांची समजूत होती. मास्तरांनी डाव्या बाह्यांची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले आणि मग, का कोण जाणे, एकेकजण आपल्याच हातांकडे बघायला लागला. कड्याच्या मध्ये बसणाऱ्या समुपदेशक बाईंना सगळे मॅडम म्हणत. तल्लफ लाटेसारखी येते, उंच होते आणि थांबून राहिलं तर ओसरते, हे त्यांनी शिकवलं. मास्तर इतकी वर्षं ज्याला थकवा म्हणत होते, ती हीच लाट होती हे त्यांना तिथे कळलं.

घरी सोडण्याआधी मॅडमनी घरच्यांना बोलावलं. कामावर कुणाकुणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. अक्कांनी सांगितलं, कुणालाच नाही. मास्तरांच्या बायकोने छताकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या की ज्यांच्याबरोबर ते पीत होते, त्यांतल्या निदान एकाला तरी खरं सांगायला हवं. नाहीतर लोक प्रेमाने पुढे करत राहणार आणि यांना दर वेळी एकट्याने, हातात खोटं घेऊन लढावं लागणार.

“सांगू की,” अक्का म्हणाल्या. “बरा झाला की सांगू.”

मॅडमनी विचारलं, बरा म्हणजे कधी? अक्कांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या हिशेबी केंद्र हे लाँड्रीसारखं होतं. मळलेलं द्यायचं, धुतलेलं घ्यायचं, पावती फाडायची.

मास्तर कामावर गेले ते कमरेला रुंद पट्टा बांधून. पट्टा सदऱ्यावरून बांधायचा, असा अक्कांचा आग्रह होता. आतून बांधला तर बांधून उपयोग काय? कारखान्याने त्यांचं जंगी स्वागत केलं. त्यांच्यासाठी पाठ असलेलं उंच स्टूल आलं. तागे उचलायला मनाई झाली. चेकरबाई आणि दोन शिलाईवाल्या मिळून कापडाचे जडच्या जड तागे टेबलापर्यंत आणत आणि मास्तरांनी नुसतं बोट दाखवायचं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. ते पूर्वी कधीच इतके ठणठणीत नव्हते. हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्थिर, भूक लागायची, झोप लागायची. आणि असा धडधाकट माणूस बायका ओझी आणत असताना स्टुलावर बसून अधूनमधून कण्हत होता, कारण अक्कांनी सांगितलं होतं की अधूनमधून कण्हत जा.

सगळ्यात जास्त आनंद मालकांना झाला. मालकांची स्वतःची कंबर कित्येक वर्षं दुखत होती आणि घरात कुणी तिला विचारत नव्हतं. त्यांना एकदम सोबती मिळाला. ते रोज टेबलापाशी येऊन कंबरेची बातमी देत. डाव्या पायात मुंग्या येतात का? वाकून मोजे घालता येतात का? मास्तर मोघम उत्तरं देत आणि त्यावरून मालकांनी मास्तरांचा मणका आपल्यापेक्षा जास्त सरकलेला आहे असं ठरवून टाकलं होतं. एकदा त्यांनी हळूच सांगितलं की मोजे आता त्यांची बायको घालते, पण हे बाहेर बोलू नका. मास्तर शरमेने लाल झाले. मालकांना ती वेदना वाटली.

घोटाळा झाला तो इथेच. यकृताचं आणि दारूचं वाकडं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. कंबरेचं दारूशी काहीच वाकडं नसतं. शनिवारी काम संपल्यावर मालकांच्या खोलीत दोन घोट घ्यायचे, ही त्यांची आणि मास्तरांची जुनी पद्धत. पहिल्या शनिवारी मास्तर म्हणाले, गोळ्या चालू आहेत. मालकांनी गोळ्यांचं नाव विचारलं, मास्तरांनी घाबरून जाहिरातीतलं एक सांगितलं, तर मालक म्हणाले, तीच गोळी मी व्हिस्कीबरोबर घेतो, झोप काय लागते म्हणून सांगू. दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी पित्ताचं कारण दिलं. हे कळल्यावर अक्का चिडल्या. न विचारता दुसरा अवयव काढल्याबद्दल त्यांनी भावाची चांगली हजेरी घेतली. त्याच्या पुढच्या शनिवारी मास्तर नुसतंच नको म्हणाले आणि रस्ता बदलून, लांबच्या वाटेने, घामाने भिजलेला सदरा घेऊन घरी आले.

“सांगून टाकू का गं मालकांना?” त्यांनी अक्कांना विचारलं.

“आणि काय म्हणून तोंड दाखवायचं मग?” अक्का म्हणाल्या. “इतके दिवस सांभाळलंस, आता थोडक्यासाठी घालवू नकोस.”

काय सांभाळलं आणि काय घालवायचं नाही, याबद्दल दोघांच्या मनात वेगवेगळं होतं. पण मास्तर लहानपणापासून अक्कांना उलट प्रश्न विचारत नसत.

मालक मात्र काळजीत पडले. या धंद्यात कटिंग मास्तर मालकाबरोबर प्यायचा थांबला, की तो दुसऱ्या कारखान्यात चाललाय असं समजतात. ज्याला सोडून जायचं त्याचं कोण पिणार? मालकांनी बराच विचार केला आणि ठरवलं की मास्तरांचा सगळ्यांसमोर मान करायचा. हॉटेलचे कोट एकदाचे गेले होते, हॉटेलवाले खूश होते, नवीन ऑर्डरही आली होती. शनिवारी दुपारी मशिनी बंद करून सगळ्यांना, घरच्यांसकट, बोलावलं.

कटिंगच्या टेबलावर आखणीचा पांढरा कागद अंथरला होता. एका टोकाला बाटल्या आणि ग्लास, दुसऱ्या टोकाला उकडलेली अंडी, खारे दाणे आणि चहाची किटली. मास्तरांची बायको किटलीच्या बाजूला उभी होती. अक्का इस्त्रीची साडी नेसून, पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्चीवर, मास्तरांच्या शेजारी. मास्तर पट्टा बांधून स्टुलावर.

मालक बोलायला उभे राहिले. आपल्या कारखान्याचा कणा कोण, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि ज्याचा स्वतःचा कणा सरकलेला असूनही जो टेबल सोडत नाही तो, असं उत्तर दिलं. टाळ्या झाल्या. मास्तर खाली बघत राहिले. मग मालकांनी आपली खास बाटली उघडली, एक ग्लास अर्ध्याच्या वर भरला, टेबलाला वळसा घालून आले आणि तो मास्तरांच्या हातात दिला. त्यांची बोटं ग्लासाभोवती मिटवून दिली.

“औषध आहे मास्तर. मी रोज देतो माझ्या कंबरेला. आज माझ्यासाठी घ्या.”

मास्तरांना वास आला. तो नाकातून आत गेला आणि तिथेच बसला. हात अजिबात थरथरत नव्हता, याचंच त्यांना भय वाटलं. हात ग्लासाला ओळखत होता. लाट येते, उंच होते, ओसरते. पण लाट ओसरेपर्यंत थांबायला वेळ लागतो, आणि लाटेच्या शेजारी मालक हसतमुखाने उभे असतात हे मॅडमनी शिकवलं नव्हतं. समोर सगळा कारखाना बघत होता. चेकरबाई अंडं सोलता सोलता थांबल्या होत्या. किटलीपाशी बायकोने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

अक्का भावाच्या कानाशी झुकल्या. ज्या बाईने फ्लशची टाकी उचकटली होती, ज्या बाईने फरशीवर झटके देणाऱ्या भावाचं डोकं मांडीवर धरलं होतं, ती बाई हळूच म्हणाली, “नुसता ओठाला लाव आणि ठेव. लोक बघतायत.”

मास्तरांनी मान वळवून अक्कांकडे पाहिलं. अक्का समोर बघून सगळ्यांना हसू दाखवत होत्या. मग ते हसू जागच्या जागी तसंच राहिलं आणि त्याच्या मागून अक्का जणू निघून गेल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या कानांपर्यंत तेव्हा पोचलं असावं.

मास्तरांनी ग्लास टेबलावर ठेवला. आखणीच्या कागदावर ओलं वर्तुळ उमटलं.

“मालक, माझी कंबर चांगली आहे,” ते म्हणाले. “मी दारूच्या उपचाराला गेलो होतो. मला एक घोटसुद्धा चालत नाही. एक घेतला की थांबता येत नाही मला.”

अक्कांनी डोळे मिटले आणि छप्पर कोसळायची वाट पाहिली. छप्पर कोसळलं नाही. पंखा फिरत होता. कुणीतरी दाणे चावायचं थांबलं होतं, ते पुन्हा चावायला लागलं.

“दारूचं माहितीये हो,” चेकरबाई म्हणाल्या. “कंबरेचं काय म्हणालात?”

“चांगली आहे.”

“म्हणजे पहिल्यापासून?”

मास्तरांनी मान हलवली. चेकरबाईंनी सोललेलं अंडं ताटलीत ठेवलं. मग त्यांनी त्या दोन शिलाईवाल्यांकडे पाहिलं आणि तिघींनी मिळून आजवर उचललेले सगळे तागे त्यांच्या चेहऱ्यांवरून एकामागून एक जाताना दिसले. माणूस पितो हे आम्ही समजू शकतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो आजार असेल, नशीब असेल, काही असेल. पण धडधाकट माणसाने स्टुलावर बसून बायकांना बोट दाखवावं? एकीने तर कण्हण्याचाही विषय काढला. मशिनीवाले, बटणवाले, सगळेच हळूहळू त्यात सामील झाले. दारूबद्दल कुणी चकार शब्द काढेना. कंबरेवरून कारखाना पेटला.

मालक यात नव्हते. ते मास्तरांच्या समोर टेबलाला टेकून उभे होते.

“जरासुद्धा सरकलेला नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही मालक.”

“मोजे घालता येतात तुम्हाला?”

“येतात.”

मालकांनी नजर दुसरीकडे वळवली. गोंधळ जरा निवल्यावर चेकरबाईंनी मोर्चा त्यांच्याकडे वळवला. तुम्हालाही दारूचं माहीत होतं ना, मग ग्लास कशाला हातात दिलात, असं त्यांनी धडधडीत विचारलं.

“मला नाक आहे, मला कुणी सांगायला कशाला हवं,” मालक म्हणाले. “पण सोडलीय हे मला कसं कळणार? मला कंबर सांगितली होती.”

हे त्यांनी कुणाला टोचून म्हटलं नव्हतं. ते फक्त तक्रार सांगत होते. पण अक्का खुर्चीवर किंचित मागे सरकल्या.

चेकरबाईंनी मग कुणालाही न विचारता बाटल्या उचलल्या आणि हिशेबनिसाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. ज्यांना प्यायची होती ते तिकडे गेले. निम्म्याहून अधिक गेले, खोटं कशाला बोला. उरलेल्यांनी मास्तरांबरोबर चहा घेतला. त्यांत मालकही होते, पण ते बहुधा रुसल्यामुळे. मास्तरांनी कमरेचा पट्टा सोडला, तो कुठे ठेवावा हे कळेना म्हणून बायकोच्या पिशवीत टाकला, आणि दोन कप चहा पाठोपाठ प्यायले. कप बशीत ठेवताना या वेळी आवाज झाला. हात आता, सगळं संपल्यावर, कापायला लागले होते. बायकोने ते पाहिलं आणि तिसरा कप अर्धाच भरला.

घरी येताना अक्का दोघांच्या पुढे चालत होत्या. भावाच्या घरी येऊन त्या फोनशेजारी बसल्या. मास्तर खिडकीपाशी बसले. थोड्या वेळाने ते बायकोला म्हणाले की वास अजून जात नाहीये, नाकात बसलाय. असं त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. पूर्वी ते अशा वेळी जरा फिरून येतो म्हणत. बायको त्यांच्याजवळ येऊन बसली. ‘उद्या मॅडमना फोन करू,’ एवढंच म्हणाली. बाहेर अजून उजेड होता.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांनी सवयीने उचलला. परगावचा मावसभाऊ होता, तब्येतीची चौकशी करायला.

“हो, बरा आहे की,” अक्का म्हणाल्या. “कंबर ना? आता पुष्कळच—”

आणि थांबल्या. त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

“तू बोल,” त्या भावाला म्हणाल्या. “माझ्या तोंडून आपोआप तेच निघतंय.”

“तू सांग की, अक्का.”

“नाही जमत रे. वाटेत येताना ठरवलं होतं, आता नाही बोलायचं. तरी बघ.”

मास्तरांना हे वाक्य चांगलं ओळखीचं होतं. ते त्यांनी स्वतः, याच खोलीत, शब्दाला शब्द, किती वेळा म्हटलं होतं. त्यावर लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं होतं, तेही त्यांना आठवलं. त्यांतलं काही ते बोलले नाहीत. उठले, अक्कांना हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि फोन घेतला. पलीकडे मावसभाऊ हॅलो हॅलो करत होता.

मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. सोपं करून, लांबण न लावता. दारू, झटके, केंद्र, कंबर.  मग मावसभाऊ म्हणाला की बरं केलंस सांगितलंस ते, पण मग त्या तेलाचं काय करायचं? कंबरेसाठी खास मागवून त्याने कालच पार्सलने पाठवलं होतं, मोठी बाटली होती.

“येऊ दे,” मास्तर म्हणाले. “अक्काच्या गुडघ्यांना लावू.”

बायकोने चमकून अक्कांकडे पाहिलं. अक्कांचे गुडघे ठणठणीत आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अक्का स्वतःच तसं सांगत आल्या होत्या.

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

“दुखतात,” त्या म्हणाल्या. “बरीच वर्षं दुखतात.”